अस्पृश्यतेचे घरकाम

पाणवठा, मंदिर, राखीव जागा, जमीन ह्या प्रश्नांवर आपल्या चळवळीने पुष्कळ बोलून घेतले आहे आणि ते आवश्यकच होते. घराविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. पहाटे चूल कोणी पेटवायची, तान्ह्या पोराला कोणी सांभाळायचे, शाळेला जाणाऱ्या मुलाचे कपडे कोणी धुवायचे, त्याचे केस कोणी कापायचे, हे प्रश्न सभेत मांडण्याजोगे आपल्याला वाटले नाहीत. ते बायकांचे म्हणून आपण घरीच ठेवून दिले. जातिव्यवस्थेने मात्र घर वगळलेले नव्हते. लहान मुले असलेल्या घरात ती रोज सकाळी कामाचे रूप घेऊन येत होती. ती कशी येत होती, त्या कामाचा बोजा कोणाच्या अंगावर पडत होता आणि आज त्यातले काय शिल्लक आहे, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

त्यासाठी मी माझेच दोन जिल्हे घेतो, सातारा आणि सांगली. तसे हे मूळचे एकच. १९४९ साली साताऱ्यापासून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माझा जन्म वाळवे तालुक्यातल्या एका खेड्यातला. शिक्षकाची नोकरी दोन्ही जिल्ह्यांत झाली. आता साताऱ्यात मुलाकडे असतो आणि दोन नातवंडांना शाळेत पोचवतो.

ह्याच साताऱ्यात एक घर होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर आधी दापोलीला आणि नंतर येथे आले. १८९६ साली भीमाबाई येथेच वारल्या. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. त्यांचे चौदावे अपत्य असलेला भीमा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्याचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण शाळेच्या रजिस्टरातील नोंदीविषयी बोलतो. त्या मुलाला रोज शाळेसाठी तयार कोण करीत होते, हे आपण विचारीत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः ते सांगून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या त्यांच्या छोट्या आठवणवजा लेखनात त्या घराची माहिती आहे. साताऱ्यात धोबी होते आणि धोब्याला द्यायला ह्या घराजवळ पैसेही होते. तरी कपडे बहिणी धूत, कारण अस्पृश्याचे कपडे कोणी धोबी घेत नसे. न्हावीही होते. पण भावांचे केस थोरली बहीणच कापी आणि कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली होती. शाळेत भीमाला बसायला स्वतंत्र गोणपाट लागे. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई हजर असला तर तो नळ सोडणार, नसला तर तहानलेले राहायचे.

ह्या गोष्टी आपण अपमानाच्या गोष्टी म्हणून वाचतो. त्या अपमानाच्या आहेतच. पण मी मास्तर माणूस, मला त्यात एक हिशेबही दिसतो. सवर्णांच्या घरातले जे काम बलुतेदार करून जात होता, ते आपल्या घरात घरच्याच माणसाला करावे लागत होते. धोबी नाही म्हणून धुणे वाढले, न्हावी नाही म्हणून हजामत वाढली, गावविहीर नाही म्हणून पाण्याची खेप लांबली. अस्पृश्यता म्हणजे नुसते ‘दूर हो’ म्हणणे नव्हते. तिने आपल्या घरावर कामाचे तास लादले होते. आणि त्या घरात ते तास कोणी भरले? घरातल्या मुलींनी.

त्या मुलींचे काम किती होते, हे त्या सासरी गेल्यावर कळले. १९०१ च्या सुमारास रामजीबाबा खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार म्हणून होते. दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती आणि त्यांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. साताऱ्याच्या घरात भीमा, त्याचा थोरला भाऊ, मृत बहिणीची दोन मुले आणि आत्या एवढीच माणसे उरली. आत्या फार मायाळू, पण पायाने अधू. तिलाच कित्येकदा उचलून न्यावे लागे. चौघे पोरगे शाळेत जात आणि घरी येऊन आपणच रांधत. भाकरी-पोळी त्यांना जमेना. मग तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा आणि तोच खायचा, कारण तो सर्वांत सोपा. आईविना, बहिणींविना चालणारे हे पोरांचे घर डोळ्यांसमोर आणून पाहावे. विद्वत्तेच्या पायऱ्या मोजणाऱ्या आपल्या चरित्रलेखकांनी ह्या चुलीपाशी थोडे अधिक थांबावयास हवे होते.

त्याच उन्हाळ्यात ही मुले नवे कपडे घालून वडिलांकडे निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आले नव्हते. पाठवलेले पत्र वडिलांच्या नोकराने त्यांना दिलेच नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ अन्न होते, पाणी कोणी दिले नाही. म्हणून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. घराने पोटच्या पोराला कितीही नीटनेटके करून पाठवले, तरी घराचे सारे श्रम एका प्रश्नाने वाया घालवता येत होते. तो प्रश्न म्हणजे ‘तुम्ही कोण?’

आता माझ्या घराचे सांगतो. आम्ही पाच भावंडे. अक्का सर्वांत थोरली, मी तिसरा. आईवडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात रोजाने जात. धाकटा भाऊ झाला तेव्हा अक्का तिसरीत होती. आई बाराव्या-पंधराव्या दिवशी भांगलायला गेली आणि अक्काची शाळा सुटली. झोळीला झोका देणे, पाणी आणणे, भाकऱ्या थापणे आणि आम्हा दोघांना अंघोळ घालून शाळेला धाडणे हे तिचे काम झाले. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्यांचे केस कापत नसे. १९५५ साली अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता, पण त्या न्हाव्यावर खटला भरायला कोण जाणार? माझे केस अक्का कापी. कात्री बोथट होती. केस ओढले जात, मी रडे आणि ती पाठीत धपाटा घाली. मास्तर माझ्या डोक्यावरच्या पायऱ्या बघून हसत. मला शाळेत बक्षिसे मिळाली, पुढे डी.एड. झालो, नोकरी लागली. माझ्या सत्काराच्या भाषणांत मी बाबासाहेबांचे, वडिलांचे, गुरुजींचे ऋण सांगितले. अक्काचे नाव एकदाही घेतले नाही.

काही वर्षांपूर्वी अक्का आजारी होती म्हणून भेटायला गेलो. बोलता बोलता बाबासाहेबांच्या बहिणीने केस कापल्याची हकिकत तिला सांगितली. सांगताना माझा गळा दाटून आला. अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबासायबांच्या भणीचं वाचून तुला रडू आलं. माझं आठवलं न्हाई व्हय रं?”

मी काय उत्तर देणार? एका बहिणीचा इतिहास मला पुस्तकातून कळला आणि दुसरीने माझे डोके मांडीवर घेतले होते तरी कळला नव्हता. हा लेख मी त्या प्रश्नाच्या ओझ्याने लिहीत आहे.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. आपल्या साहित्यातही घर पुष्कळदा पुरुषाच्या नजरेने आले. बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि कोवळ्या वयातली बाळंतपणे, बाळंतिणीची उपासमार, सुनेचा छळ हे सारे पहिल्यांदा आतून दिसले. ह्या बाई साताऱ्याच्याच, फलटणच्या. घर, मुले आणि छोटेसे दुकान सांभाळून त्यांनी ते लिहिले आणि नवऱ्याच्या भीतीने ती पाने कित्येक वर्षे लपवून ठेवली. सवर्णांच्या भीतीने नव्हे, घरातल्याच माणसाच्या भीतीने! ह्या एका गोष्टीवर आपल्या अभ्यासमंडळांत निदान एक बैठक तरी व्हावयास हरकत नाही.

बाबासाहेब मात्र हे विसरले नाहीत. साताऱ्याच्या त्या चुलीने त्यांना काय शिकवले, हे त्यांच्या पुढच्या कामात दिसते असे मला वाटते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी ह्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे अशी भूमिका घेतली. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव त्याच मुंबईच्या विधिमंडळात आला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी बायकांना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका आणि नवऱ्याची दासी होऊ नका, त्याच्या बरोबरीने मैत्रीण म्हणून उभ्या राहा. चौदा अपत्यांच्या आईचा मुलगा हे बोलत होता, हे ध्यानात घ्यावे.

आज काय शिल्लक आहे? न्हावी, धोबी, नळ ह्या बाबतीत पुष्कळ फरक पडला. माझ्या नातवाचे केस सलूनमध्ये कापले जातात आणि तेथे त्याला कोणी जात विचारीत नाही. पण घरात अडकलेले पोरीचे हात सर्वत्र मोकळे झालेले नाहीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी सांगली जिल्ह्यात ऊसपट्ट्यातील एका शाळेत होतो. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून तोडणी मजूर येतात आणि शाळेशेजारच्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत दलित, भटके-विमुक्त, वंजारी, मराठा असे सर्व प्रकारचे गरीब असतात. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ धरला जातो. दोघेही पहाटे फडात जातात, मग तान्हे मूल कोणाजवळ? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ. अशा एका मुलीला मी हाताला धरून वर्गात आणून बसवले. तिसऱ्या दिवशी ती कडेवर भाऊ घेऊनच आली. तो रडू लागला तशी ती उठून गेली आणि पुन्हा आली नाही. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले. घरी आल्यावर वाटले, आपण खोटे लिहिले. ती गैरहजर नव्हती. ती कामावर हजर होती.

शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मिळाला आहे. पण फडाजवळ पाळणाघर नसेल तर तो हक्क त्या मुलीपर्यंत पोचत नाही. पाळणाघर ही शाळेची पहिली पायरी आहे, ही गोष्ट आपल्या मागण्यांच्या यादीत वरच्या बाजूला यावयास हवी.

आणि जी मागणी सरकारकडे करायची, तिचा थोडा अंमल आपल्या घरातही करावा. कार्यकर्ता मोर्च्याला जातो तेव्हा त्याची पोरे कोण सांभाळते? आपल्या शिबिरांत समतेवर व्याख्यान चालू असते तेव्हा मागे भाकऱ्या कोण थापीत असते? विद्यार्थ्यांनी आपल्या गावी जाऊन आई, आत्या, थोरली बहीण ह्यांच्या बालपणीचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढावा. शिक्षकांनी मुलगी का येत नाही ह्याचे खरे कारण नोंदवावे. हे लहान काम आहे, पण जातीने आपल्या घरातून किती तास वसूल केले आणि घराने ते कोणाकडून भरून घेतले, ह्याचा हिशेब अशाच नोंदींतून उभा राहील.

मी सुरुवात केली आहे. गेल्या दोन महिन्यांत अक्काकडे चार वेळा जाऊन बसलो. ती सांगते, मी लिहून घेतो. परवा तिने मध्येच थांबवून विचारले, “ह्यात माझं नाव घालनार हाईस का नुसतंच अक्का?” वहीच्या पहिल्या पानावर मी तिचे पूर्ण नाव लिहिले आणि तिला वाचून दाखवले.