सीओ साहेबांच्या वर कोण?

सिग्नलमन रणजित ठाकूरने १९८५ साली जेवायला नकार दिला. छळाची तक्रार त्याने मधली पायरी सोडून थेट वरिष्ठांकडे धाडली होती आणि त्याबद्दल २८ दिवसांची सक्त कैद भोगत होता. सुभेदाराने ‘जेव’ म्हटलं, तो जेवला नाही. म्हणजे हुकूम मोडला! समरी कोर्ट मार्शल बसलं. एक वर्षाची कैद, वर बडतर्फी. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो अधिकारीही त्या कोर्टात होता.

समरीत कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, एकटाच कोर्ट असतो. शेजारी दोघे बसतात, पण निकालात त्यांचा हात नसतो. शिक्षा सहसा तिथल्या तिथे अमलात येते. जनरल कोर्ट मार्शलचा थाट वेगळा. किमान पाच अधिकारी बसतात आणि वरून शिक्कामोर्तब झाल्याशिवाय निकाल लागू होत नाही. अशा निकालांवर तेव्हा दाद मागायची तर अर्ज करायचा, तोही वरच्या साहेबाकडे नाहीतर सरकारकडे. ठाकूरची शिक्षा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पण ती रिट याचिकेची वाट, तिथे साक्षीपुरावा सहसा नव्याने तोलत नाहीत.

कोर्ट मार्शलवर एकही अपील नाही, ही खंत त्याच न्यायालयाने १९८२ मध्ये बेदी खटल्यात बोलून दाखवली होती. ज्या इंग्रजांकडून आपण हा कायदा घेतला, त्यांनी स्वतःच्या सैनिकांसाठी अपिलाची सोय १९५१ मध्येच केली. आपला कायदा २००७ चा. त्याने अपिलासाठी उभारलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी ८ ऑगस्ट २००९ रोजी केलं. मुख्य पीठ दिल्लीत, विभागीय पीठांपैकी एक मुंबईत.

पीठावर एक माजी न्यायमूर्ती आणि एक माजी लष्करी अधिकारी, अशी जोडी असते. मला यातलं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. गार्ड ड्यूटीवर पहाटे तीनला काय होतं, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ही जोडी निकाल फिरवू शकते, शिक्षा घटवू शकते, फेरखटला लावू शकते, जामीन देऊ शकते. अपीलदाराचं म्हणणं ऐकून शिक्षा वाढवूही शकते, म्हणून अपील करताना दोनदा विचार करावा लागतो.

पण न करून भागत नाही. बडतर्फ माणसाची पेन्शन सहसा जाते. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेल्या, तिथे बडतर्फीचा कागद घेऊन घरी येणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

न्यायाधिकरणात हरलं तर पुढे सर्वोच्च न्यायालय; तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तर, एरवी परवानगी मिळणं कठीण. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१५ च्या निकालाने उच्च न्यायालयाची वाट जवळपास बंदच झाली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. आता निदान दिल्लीच्या वकिलाची फी वाचते.