टाकीत पाणी किती?

'हौदात किती पाणी मावेल?' हे उदाहरण आपण गणिताच्या पुस्तकात सोडवितो, उत्तर शेवटच्या पानाशी ताडून पाहतो आणि विसरून जातो. मी कलाशाखेचा पदवीधर. शालान्त परीक्षेबरोबर गणिताशी असलेला माझा संबंध संपला, असेच मी मानीत होतो. तो पुन्हा जुळला, तो नवनगरातील आमच्या घराच्या अंगणात.

माझे बालपण कारवारकडे गेले. घराच्या मागे विहीर होती. कोकणीत आम्ही तिला 'बांय' म्हणतो. दोराला कळशी बांधावी आणि हवे तेवढे पाणी शेंदावे. विहिरीत पाणी किती आहे, हे कोणी विचारीत नसे. नवनगरात राहावयास आलो, त्या वर्षी मात्र आमच्या नळाला पाच दिवसांनी पाणी येई. म्हणून अंगणात जमिनीखाली टाकी बांधावयाचे ठरले.

खड्डा खणून झाला तेव्हा मी फीत घेऊन तो मोजला. लांबी ६ फूट, रुंदी ५ फूट, खोली ५ फूट. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. ते १५० घनफूट आले. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते; तेव्हा १५० × २८.३ = ४,२४५ लिटर. शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखताना दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. घरात आम्ही पाच माणसे. म्हणजे दिवसाला ६७५ लिटर. भागाकार केला, तो सहा दिवसांहून अधिक पाणी पुरेल असे दिसले. मी निश्चिंत झालो.

पुढे टाकी बांधून झाली, भरली आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी पंप नुसता घरघरू लागला. आई तापाने अंथरुणावर होती. शेजारच्या मावशींनी न मागता चार घागरी आणून दिल्या. परंतु त्यांच्याही टाकीत पाणी मोजकेच होते, हे मला ठाऊक होते. माझा गुणाकार चुकला नव्हता. मग चुकले काय?

दुसऱ्या दिवशी रिकाम्या टाकीत उतरून मी पुन्हा मापे घेतली, तेव्हा तीन चुका सापडल्या.

पहिली चूक अशी, की मी खड्डा मोजला होता, टाकी नव्हे. चारही बाजूंच्या भिंती सहा-सहा इंच जाडीच्या आणि तळाचे काँक्रीटही तेवढेच. त्यामुळे आतली लांबी ५ फूट, रुंदी ४ फूट आणि खोली साडेचार फूट एवढीच उरली. १५० घनफुटांचे एकदम ९० झाले. भिंत केवळ सहा इंचांची दिसते; परंतु ती दोन्ही अंगांनी जागा खाते आणि प्रत्येक मापातील घट गुणाकारात एकत्र येते.

दुसरी चूक अशी, की टाकी काठोकाठ कधीच भरत नाही. पाणी वर चढले, की बॉलकॉकचा गोळा उचलला जाऊन नळ बंद होतो. आमच्याकडे तो काठाखाली सहा इंचांवर बंद होई. राहिले ८० घनफूट.

तिसरी चूक सर्वांत फसवी. पंपाच्या नळीचे तोंड तळापासून सहा इंच वर होते. तळाचा गाळ वर ओढला जाऊ नये, म्हणून ते तसे ठेवावे लागते. त्या तोंडाखालचे पाणी टाकीत असते खरे, परंतु पंपाला मिळत नाही. आता उरले ५ × ४ × ३.५, म्हणजे ७० घनफूट. सुमारे १,९८१ लिटर. याला ६७५ ने भागा; तीन दिवसही पुरे होत नाहीत. पंपाने अगदी खरा हिशेब सांगितला होता!

मीटरमध्ये मापे घेतली तर हा हिशेब आणखी सोपा होतो. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर असलेल्या डब्यात बरोबर १ लिटर पाणी मावते. म्हणून १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. गच्चीवरची टाकी गोल असेल, तर त्रिज्येचा वर्ग करावा, त्याला २२/७ ने गुणावे आणि मग पाण्याच्या उंचीने गुणावे. आतला व्यास १०० सेंटिमीटर व पाण्याची उंची १२५ सेंटिमीटर असेल, तर २२/७ × ५० × ५० × १२५ म्हणजे सुमारे ९,८२,००० घन सेंटिमीटर, अर्थात ९८२ लिटर. येथे त्रिज्येऐवजी चुकून व्यास घेतला, तर उत्तर चौपट येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. तेव्हा ही टाकी भरली, की गच्चीवर जवळजवळ एक टन भार पडतो. टाकी कोठे बसवावी, हे जाणकाराला विचारूनच ठरवावे.

जी गोष्ट अंगणातील टाकीची, तीच धरणाची. खानापूर तालुक्यातील कणकुंबीजवळ उगम पावणाऱ्या मलप्रभा नदीवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे धरण आहे. हुबळी-धारवाडला त्याच जलाशयातून पाणी मिळते. त्याची क्षमता सुमारे ३७.७३ टी.एम.सी. सांगितली जाते. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. परंतु तेथेही सोडण्याच्या दारांखाली राहणारे पाणी वेगळे मोजतात. त्याला 'मृतसाठा' म्हणतात. आमच्या टाकीच्या तळाचे सहा इंच पाणी हा मृतसाठाच नव्हे काय? जलाशयाचा तळ सपाट नसतो. म्हणून ठिकठिकाणी खोली मोजून घनफळ काढावे लागते, आणि गाळ साचत जाईल तसतशी ही मोजणी पुन्हा करावी लागते.

या सुटीत घरची टाकी तुम्ही अवश्य मोजा. मात्र टाकीत एकट्याने उतरू नका. मोठ्या माणसांच्या देखत, वरूनच काठी सोडून खोली पाहा. 'टाकीत किती मावते?' एवढ्यावर न थांबता 'त्यातले आपल्या हाती किती येते?' हेही विचारा. मावशींच्या त्या चार घागरी मी पुढच्या पाण्याच्या दिवशी परत केल्या. परंतु आपल्या चुकलेल्या हिशेबाची भरपाई शेजाऱ्याच्या पाण्यातून होते, हे मी अजून विसरलेलो नाही.