नळाचे पाणी, त्याचा सामू आणि कुंडीतील औषधी वनस्पती

ताज्या स्वरसासाठी चार-सहा वनस्पती चिकित्सालयाच्या अंगणात कुंड्यांतून वाढविण्याचा प्रघात आपल्यापैकी अनेकांकडे आहे. पाचोऱ्यास आम्हीही तो पाळत आलो आहोत. अडुळसा, गुळवेल, कोरफड यांनी आम्हांस कधी त्रास दिला नाही. पिंपळी आणि जास्वंद यांनी मात्र दिला. कोकणातून आणलेल्या पिंपळीच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला. शेतकरी ज्यास केवडा म्हणतात, तोच हा प्रकार. लोहाची न्यूनता असे निदान करून आम्ही हिराकस पाण्यात विरघळवून घातले. दोन दिवसांत मातीवर तपकिरी थर धरला, पाने तशीच राहिली. मात्रा वाढविली, तेव्हा दोन रोपे गेली. पांडुरोग्याचा अग्नी न पाहता मंडूर देत राहावे, तशी ही चिकित्सा झाली. मातीत लोह होतेच; मुळांना ते घेता येत नव्हते.

याचे कारण पाण्यात होते. खानदेशाची भूमी काळ्या कातळाची. हा कातळ झिजताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात आणि बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळून राहतात. नळाला रोज पाणी येत नसल्याने आपण टाकीत साठा करतो, त्यात बोअरचे पाणी मिसळतो. टाकी नव्या सिमेंटची असेल तर तिचा चुनाही त्यात उतरतो. निर्जंतुकीकरणाच्या भांड्याच्या तळाशी बसणारे पांढरे किटण हेच सांगते. रावेर-यावलकडील केळी बागायतदार ठिबकच्या नळ्या आम्लाने धुतात, तेही याच किटणासाठी.

पाण्याची आम्लता वा क्षारता मोजण्याच्या अंकास सामू म्हणतात. डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये हे परिमाण मांडले. सात हा उदासीन बिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर क्षार. प्रत्येक अंकागणिक फरक दहापट असतो, त्यामुळे 7 आणि 8 यांतील अंतर दिसते तेवढे लहान नाही. हवेशीर मातीतील लोहाची विद्राव्यता तर सामू एका अंकाने वाढला की सुमारे हजारपट घटते. पिण्याच्या पाण्यास भारतीय मानक 6.5 ते 8.5 एवढी मुभा देते. म्हणजे 8 सामूचे पाणी मनुष्यास निर्दोष, पण आम्लप्रिय रोपास प्रतिकूल, असे होऊ शकते.

येथे बहुतेकांची एक चूक होते, आमचीही झाली. आपण सामूचा अंक पाहतो आणि त्यामागील विम्लता पाहत नाही. सामू हा क्षणाचा अंक आहे. विम्लता म्हणजे आम्ल पचवून टाकण्याची पाण्याची शक्ती, आणि ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. पावसाच्या पाण्यात ही शक्ती जवळजवळ नसते. म्हणून त्याचा सामू थेंबभर लिंबाच्या रसानेही ढळतो, तर आमच्या बोअरच्या पाण्यात अर्धे लिंबू पिळूनही पट्टीचा रंग फारसा बदलला नाही. पाणी तपासून घेताना अहवालात विम्लतेचा आकडा अवश्य मागावा. मानकात तिची इष्ट मर्यादा दर लिटरला 200 मि.ग्रॅ. आहे, पर्याय नसल्यास 600 पर्यंत चालवून घेतात.

उपाय आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. सुश्रुतांनी क्षारपाकविधीत क्षाराने दग्ध झालेल्या स्थानी अम्ल द्रव्ये सांगितली आहेत. तेथे शिष्याची शंकाही आहे, की अम्लही तीक्ष्ण असताना ते क्षाराचे शमन कसे करील? क्षार अम्लाशी संयोग पावून आपली तीक्ष्णता टाकतो, हे तेथील उत्तर. बादलीत हेच घडते. बायकार्बोनेट आम्लाने मोडते, कर्बवायू निघून जातो.

प्रमाण असे. समजा विम्लता 300 मि.ग्रॅ. आहे. ती सर्व काढू नये, पाव भाग राहू द्यावा. त्यासाठी दहा लिटर पाण्यास लिंबूसत्त्व सुमारे 4 ग्रॅम लागते. ते एकदम न घालता ग्रॅमग्रॅमाने घालावे, ढवळावे आणि पट्टीवर 6 ते 6.5 दिसताच थांबावे. कर्बवायू उडून गेल्यावर सामू थोडा वर चढतो, म्हणून काही तासांनी पुन्हा पाहावे. हळदीची पट्टी या कामी निरुपयोगी आहे. ती साधारण 8.5 च्या पुढे लाल होते. आपणांस हवा तो फरक तिला दिसतच नाही.

लिंबूसत्त्वाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मूत्रदाहात आपण सायट्रेटयुक्त पेय देतो ते मूत्र क्षारीय करण्यासाठी, कारण शरीरात सायट्रेटचे शेवटी बायकार्बोनेटच होते. मातीतील जीवाणूही तेच करतात. म्हणून हा उपाय तात्कालिक. प्रत्येक पाण्यास करावा लागतो. गंधकाम्लाचा परिणाम टिकतो, पण ते घरी हाताळण्यास धोक्याचे. हाताळावेच लागले तर आम्ल पाण्यात सोडावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. जुन्या बॅटरीतील आम्लात शिसे असते. ज्या वनस्पतीचा स्वरस रुग्णास द्यावयाचा तिला ते स्पर्शही होऊ देऊ नये.

आमचा स्वतःचा कल पर्जन्यजलाकडे आहे. संहितांनी आंतरिक्ष जलास अग्रस्थान दिलेच आहे. पत्र्यावरील पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे झाकलेल्या पिंपात धरावे. ते निम्मे मिसळले की 300 ची विम्लता 150 होते, आम्लही निम्म्याहून कमी लागते. ज्या औषधालयात ऊर्ध्वपातित पाणी तयार होते त्यांना उन्हाळ्यातही ही सोय आहे. याउलट घरच्या आर.ओ. यंत्राचे टाकाऊ पाणी ‘वाया कशाला’ म्हणून कुंडीत ओतले जाते. त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात.

हा सर्व खटाटोप कुंडीपुरताच करावा. काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते. दहा किलो मातीत एक टक्का चुना धरला तरी तो 100 ग्रॅम होतो, आणि बादलीतील चार ग्रॅम लिंबूसत्त्व त्यापुढे काहीच नाही. म्हणून कुंडीतही काळी माती न घेता लाल माती, पालापाचोळ्याचे खत व शेणखत घ्यावे. अश्वगंधेसारख्या वनस्पतीस तर हे करूच नये. नीमच-मंदसौरकडे ती किंचित क्षारीय जमिनीतच उत्तम येते.

आमच्या उरलेल्या पिंपळीस माती बदलून मिश्र पाणी सुरू केले. हिराकस पुन्हा घातले नाही. सुमारे महिन्याने आलेली पाने हिरवी होती, जुनी पिवळी तशीच राहून गळाली. लोह जुन्या पानातून नव्या पानात सहसा जात नाही, म्हणून सुधारणा पाहावयाची ती शेंड्याकडेच.