एकाच जंतूचे दोन रोग

३० जानेवारीच्या कुष्ठरोगविरोधी दिनानिमित्त २०२७पर्यंत कुष्ठमुक्त भारताचे उद्दिष्ट पुन्हा चर्चेत आले असले, तरी ही चर्चा नव्या रुग्णांच्या मोजणीपाशीच थांबते. एकाच जंतूमुळे एकाच्या अंगावर एखादा बधिर चट्टा उमटतो आणि दुसऱ्याचे सर्वांग गाठींनी भरते, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीत उभारलेल्या तपोवन या कुष्ठरुग्णसेवा संस्थेने हा फरक पिढ्यानपिढ्या पाहिला आहे, आणि या फरकाच्या कारणाचा एक भाग पेशीच्या पृष्ठभागावर दडलेला आहे.

भक्षक पेशी जंतूला गिळून त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून बाहेर मांडते. परक्याची खूण आणि स्वकीय पेशीची खूण एकत्र दिसल्याखेरीज टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील पहारेकरी, हालत नाही, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. ही खाच माणसागणिक निराळी असल्याने तिच्यात बसणारे तुकडेही निराळे असतात. एचएलए-डीआर१५ हा प्रकार कुष्ठरुग्णांत अधिक आढळल्याचे भारतीय अभ्यासांत दिसले आहे.

या संदर्भात मुंबईच्या एका कामाची आठवण आवश्यक ठरते. १९५८ मध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर या संशोधकांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वाढविला. तो प्रत्यक्ष कुष्ठाचा नसून त्याच्या भाऊबंदांपैकी असल्याचे पुढे ठरले, तथापि दोघांची कित्येक प्रथिने मिळतीजुळती असल्यामुळे त्याचे तुकडे पाहून तयार झालेल्या टी-पेशी कुष्ठजंतूलाही ओळखू शकतील, ही अपेक्षा रास्त होती. त्यापासून बनविलेल्या लसीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर बीसीजीने ३४ टक्के. असे असूनही राष्ट्रीय कार्यक्रमात तिला स्थान मिळाले नाही, ही गोष्ट अत्यंत खेदाची आहे.

कुष्ठजंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढत नाही, म्हणून रुग्णाचे रक्तच येथे मोलाचे ठरते: त्यातून वाढविलेल्या भक्षक पेशींना जंतूची प्रथिने देऊन, खाचांतून सुटे केलेले तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर या अतिसूक्ष्म वजनयंत्राने ओळखता येतात. एक चट्टा असलेला आणि गाठींनी ग्रासलेला, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या पेशी काय मांडतात, याची तुलना अमरावती आणि अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी रुग्णांच्या संमतीने हाती घ्यावी, आणि तिच्यासाठी लागणारा निधी कुष्ठमुक्तीच्या आराखड्यातूनच मिळावा.