आधी यादी, मग काम!

मुलांनो, पुणे-लोणावळा लोकलमधून जाताना घोरावाडी स्टेशन लागतं ना? त्याच्या दोन स्टेशनं आधी देहूरोड. तिथे आयुधनिर्माणी आहे. पुण्यात पाषाणला तोफा आणि रॉकेटं आखणारी 'एआरडीई' ही संस्था आहे. पण आज मी आधी आमच्या दिवाळीच्या किल्ल्याची गोष्ट सांगणार आहे!

माझ्या वर्गाने लोहगड करायचा ठरवला. वर्गणी जमली दोनशे रुपये. काम सुरू झालं आणि एकेक जण म्हणू लागला, "बाई, कारंजं हवं!" "बाई, दिवे हवेत!" मीही "करा" म्हणत गेले. शेवटी पैसे संपले आणि विंचूकाटा राहूनच गेला. चूक माझीच होती. यादी आधी करायला हवी होती.

मोठ्यांच्या कामातही असं होतं बरं का! 'अर्जुन' रणगाड्यासाठी 1974 साली साडेपंधरा कोटी रुपये मंजूर झाले. 1995 पर्यंत खर्च गेला 305 कोटींवर! पहिले रणगाडे सैन्याला मिळाले ते 2004 मध्ये. कारणं अनेक होती. महागाई होती, काम अवघड होतं. पण एक मोठं कारण म्हणजे मध्येच बदललेल्या मागण्या. आधी 105 मिलिमीटरची तोफ हवी होती, नंतर 120 मिलिमीटरची ठरली. ती पाषाणलाच आखली गेली. रणगाड्याचं वजनही चाळीसच्या आसपास धरलं होतं, ते 58 टनांच्या घरात गेलं. वजन वाढलं की इंजिन दणकट हवं, पूल भक्कम हवेत, रेल्वेच्या वाघिणीही वेगळ्या हव्यात. एक गोष्ट बदलली की दहा बदलतात!

आता 'पिनाक' बघा. त्याला 1986 मध्ये मंजुरी मिळाली आणि तोही एआरडीईनेच घडवला. ट्रकवरून 44 सेकंदांत 12 रॉकेटं सुटतात. पहिल्या पिनाकचा पल्ला सुमारे 38 किलोमीटर. 1999 च्या कारगिल युद्धात तो वापरला गेला. नंतर नेम धरून जाणारं रॉकेट आलं, त्याचा पल्ला सुमारे 75 किलोमीटर. म्हणजे पायरीपायरीने सुधारणा!

म्हणून यादीचे तीन भाग करा. हवंच, असलं तर बरं, आणि नंतर पाहू. प्रत्येक गोष्टीपुढे आकडा लिहा. 'लांब जावं' असं नको, 'किती लांब' ते लिहा. म्हणजे काम झालं की नाही हे मोजता येतं. मध्येच काही वाढवायचं झालं, तर आधी विचारा, "याला किती पैसे, किती दिवस? आणि त्याबदली काय वगळायचं?"

हे पैसे तुमच्या आईबाबांनी भरलेल्या करातले असतात. आणि उशीर झाला, तर वाट पाहतो तो सीमेवरचा जवान.

पालकांनो, पुढच्या दिवाळीत किल्ल्याची यादी मुलांनाच करू द्या. आमच्या वर्गाची तयार आहे. पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'विंचूकाटा'!