बायोस जुना, म्हणून डिस्क मंद?

"मशीन जुनं, बायोस त्याहून जुना. एसएसडी टाकून काय उपयोग?" नारायणगाव, मंचर, घोडेगावकडच्या सेवा केंद्रांत आणि फोटो स्टुडिओंत हे वाक्य हमखास कानावर पडतं. टेबलाखाली बहुधा एच-61 बोर्डाचा, 2011-12च्या सुमारास असेंबल केलेला पीसी असतो.

वाक्यात तथ्य थोडंच आहे. एच-61चे साटा पोर्ट सेकंदाला 3 गिगाबिटचे. डब्यावर 550 एमबी लिहिलेली एसएसडी तिथे 280च्या आसपास अडते. पण हार्डडिस्क मंद वाटते ती मोठी फाइल वाचताना नव्हे, तर विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली गोळा करताना. दर वेळी डोकं सरकायचं, तबकडी फिरून जागेवर यायची, यात दहाएक मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं. एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो करते, मग पोर्ट जुना असला तरी. दाखले, सातबारा, प्रिंट या कामांना एवढं पुष्कळ झालं.

खरी अडचण पुष्कळदा बायोसमधल्या एका ओळीत असते: साटा मोड 'आयडीई'. तो 'एएचसीआय' हवा. मात्र थेट बदललात तर विंडोज 10 निळा स्क्रीन दाखवण्याची शक्यता असते आणि दोष बिचाऱ्या नव्या डिस्कवर येतो. आधी एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट होताना मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग टिक काढा.

लग्नाचं, यात्रेतल्या तमाशाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांना 280 पुरत नाही. "जुना बोर्ड एनव्हीएमई घेत नाही," असं त्यांना सांगितलं जातं. घेतो की! ग्राफिक कार्डाचा लांब स्लॉट रिकामा असेल तर साध्या ॲडॉप्टरवर ही पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एसएसडी बसते. दुसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हवर पीसीआय एक्स्प्रेस 2.0च्या चार लेन मिळतात: कागदावर 2 जीबी, प्रत्यक्षात दीडच्या पुढे. त्यामुळे सर्वांत महागडी डिस्क घेण्यात अर्थ नाही. एम-टू साटा डिस्क मात्र या ॲडॉप्टरवर चालणार नाही; दिसायला दोन्ही सारख्याच.

बायोसला एनव्हीएमई दिसत नाही हे खरं. तिचं पहिलं स्पेसिफिकेशनच 2011चं. पण बायोसचं काम मशीन उठवण्यापुरतं. विंडोज 10 किंवा लिनक्स मेमरीत आलं की डिस्कशी तेच बोलतं. म्हणून विंडोज साटा एसएसडीवर आणि फुटेज एनव्हीएमईवर ठेवलं की झालं. सगळंच एनव्हीएमईवर हवं असेल तर लिनक्सचा बूट विभाग पेनड्राइव्हवर ठेवता येतो. विंडोजसाठी क्लोव्हर हा बूटलोडर पेनड्राइव्हवर घालतात. एनव्हीएमईचा ड्रायव्हर तो सोबत आणतो. जुना सांगाडा ठेवून आतलं बदलण्यात गैर काही नाही: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही 45 मीटरच्या त्याच 30 डिश ठेवून रिसीव्हर आणि पुढची यंत्रणा बदलली, आणि बँडविड्थ 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत नेली.

नेटवरून कुणीतरी बदललेला बायोस उतरवून फ्लॅश करण्याचा उद्योग मी तरी सुचवणार नाही. मध्येच लाईट गेली तर बोर्ड उठतच नाही. मग चिपवर बाहेरच्या प्रोग्रामरने पुन्हा लिहावं लागतं. पेनड्राइव्ह बिघडला तर दुसरा घेता येतो.

आणि एसएसडी टाकली म्हणून विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्याची अट प्रोसेसरची आणि टीपीएम 2.0ची आहे. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. त्या मशीनवर लोकांचं आधार आणि बँकेचं काम होत असेल, तर डिस्कच्या आधी याचा विचार करा.