मुलाचे कागद एकविसाव्या वर्षापर्यंत सांभाळा

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. सगळी पाच वर्षांखालची. काहींना उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावे लागले, पण सुदैवाने सर्व बरी झाली. ती बातमी वाचताना माझ्या मनात एक रूक्ष प्रश्न आला. यांतल्या एखाद्याला कायमचे काही दुखणे राहिले असते, तर सरकारकडे भरपाई मागायला त्याला किती वर्षे मिळाली असती?

मी वकील नव्हे. पण दवाखान्यात बसले की असले प्रश्न आपोआप समोर येतात, म्हणून थोडे वाचले, थोडे विचारून घेतले.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईच्या बऱ्याचशा दाव्यांना तीन वर्षांची मुदत आहे. मूल अज्ञान असेल तर त्याच्यापुरते घड्याळ थांबते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. मात्र ही सवलत मुलाच्या स्वतःच्या दाव्याला आहे. आईबापांनी केलेला खर्च, बुडालेली मजुरी यांचे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालूच असते. जानेवारी २०२१ मध्येच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. अशा वेळी दावा आईबापांचाच, त्यामुळे अज्ञानपणाची सवलत कुठून मिळणार? आणि दाव्याची मुदत टळली की 'साहेब, उशीर माफ करा' म्हणून चालत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावा लागतो.

मूल सज्ञान होईपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. आई किंवा वडील त्याच्या वतीने आधीच दावा लावू शकतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे. राज्य सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते दोन महिने मुदतीत धरत नाहीत.

आपल्या वागळे इस्टेटमध्ये आणखी एक गोम आहे. किसननगर, इंदिरानगरची पुष्कळ बाळंतपणे महापालिकेच्या दवाखान्यांत होतात. महानगरपालिका अधिनियमात पालिकेने त्या कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा तर एक महिन्याची नोटीस आणि अवघी सहा महिन्यांची मुदत आहे. अज्ञानपणाची सवलत तिथे लागू धरली तरी अठरानंतर सहाच महिने! तुमचे प्रकरण कोणत्या कलमात बसते ते वकिलाने पाहायचे, पण तीन वर्षे आहेत असे समजून गाफील राहू नका. कारखान्यात काम करून ईएसआयची वर्गणी भरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईएसआय रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्यात येते असे ठरवले. तिथे मुदत दोन वर्षे, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. ज्या सरकारी दवाखान्यात सर्वांनाच सेवा फुकट असते, तो मात्र १९९५ च्या निकालाप्रमाणे ग्राहक कायद्याच्या बाहेर.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. लहानपणची इजा त्या दिवशी दिसत नाही, हीच खरी अडचण. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला, तर पाच-सहा महिन्यांनी मान धरत नाही म्हणून आई घेऊन येते. कावीळ डोक्यात चढली तर ऐकू येत नाही हे बोलायच्या वयात कळते. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा वेळेत तपासला नाही तर आंधळेपण येते. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या अशाच एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एक कोटी ऐंशी लाखांची भरपाई दिली. निकाल लागला तेव्हा ती एकोणिसाव्या वर्षात होती. तिच्या वडिलांनी लहानपणीच तक्रार केली होती आणि कागद होते, हे विसरू नका.

आपल्याच राज्यातले उदाहरण त्याहून जुने. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेत टॉवेल राहिला आणि ती दगावली. तिचा नवरा आणि मुले सर्वोच्च न्यायालयात जिंकली १९९६ मध्ये. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नव्हे, सरकार जबाबदार आहे, असे तिथे ठरले.

जपानमध्ये १९४८ ते १९८८ या काळात सामूहिक लसीकरणात एकच सुई-सिरिंज अनेक मुलांना वापरली गेली आणि कित्येकांना ब प्रकारची कावीळ झाली. यकृताचा त्रास उमटला प्रौढपणी, आणि तिकडची मुदत वीस वर्षांची. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, पुढे खास कायदा करावा लागला. वीस वर्षे मोजायची कुठून, टोचल्या दिवसापासून की आजार उफाळल्या दिवसापासून, हा वाद २०२१ पर्यंत चालला होता.

काही वर्षांपूर्वी एक बाई एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, दुसऱ्या वर्षी इंजेक्शन दिलं आन् त्याच दिवसापासून पाय वढतोय." शिरेला इजा झाली असावी, असे तपासताना वाटत होते. पण कुठे दिले, कोणी दिले, तारीख काय? सरकारी दवाखाना एवढेच त्यांना आठवत होते. केसपेपर पावसात भिजून गेला होता. वयाने मुलगा मुदतीत होता, पुराव्याने केव्हाच बाहेर.

यात आमच्या धंद्याचाही दोष आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायची. मुलाला दावा लावायला एकवीस वर्षांपर्यंत सवलत, आणि कागद मात्र ते बालवाडीत जाण्याआधी रद्दीत! हा नियम बदलायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर त्याच नियमांतला दुसरा भाग वापरा : रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मागणी लेखी करा, पोच घ्या. सरकारी दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एकाच वर्षात.

घरी डिस्चार्ज कार्ड, बाळाचे लसीकरण कार्ड, केसपेपर, चिठ्ठ्या एका फायलीत ठेवा. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या तारखेला, काय केले ते आईने वहीत लिहावे. सोनोग्राफी आणि ईसीजीच्या चकचकीत पट्ट्यांवरची छपाई काही वर्षांत पुसट होते, म्हणून त्यांची झेरॉक्स आजच काढा. त्यांना लॅमिनेशन मात्र करू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो.